सरकारी ॲपचा सातबारा कोणाच्या नावावर?

समजून घ्या : ओपन सोर्स परवाना म्हणजे काय, कायदा काय सांगतो आणि डोंगरकड्याच्या शेतकऱ्याचा त्याच्याशी संबंध काय?

नांदेड-हिंगोली रस्त्यावरच्या डोंगरकड्यात केळी, हळद, ऊस आणि सोयाबीन पिकते. हे पीक पूर्वी तलाठी सातबाऱ्यावर चढवायचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ते काम राज्यभर शेतकऱ्याच्या मोबाइलवर आले. ई-पीक पाहणी ॲप उघडायचे, गट नंबर निवडायचा, पीक आणि क्षेत्र भरायचे, बांधावर उभे राहून फोटो काढायचा आणि तो अपलोड करायचा. पीक कर्ज, पीक विमा, हमीभावाने खरेदी, नुकसानभरपाई अशा अनेक गोष्टी या एका नोंदीवर येऊन थांबतात.

याचा अर्थ किती गंभीर आहे, हे २०२४ मध्ये दिसले. आदल्या वर्षीच्या खरिपातील कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना राज्य सरकारने हेक्टरी पाच हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, मदत जाहीर केली. त्यासाठी ई-पीक पाहणीत नोंद असण्याची अट होती. शेतात सोयाबीन होते, पण ॲपमध्ये नव्हते, असे शेतकरी बाहेर राहू लागले. ओरड झाली आणि पुढे ती अट शिथिल करावी लागली.

म्हणजे एखाद्या ॲपने 'नोंद नाही' म्हटले, तर शेतातले उभे पीकही सरकारी हिशेबात नसते. मग प्रश्न असा की, हे ॲप ज्या सूचनांवर चालते त्या सूचना कोणाच्या मालकीच्या? त्या कोण वाचू शकतो, कोण तपासू शकतो? जनतेच्या पैशातून तयार झालेल्या सॉफ्टवेअरचा सातबारा नेमका कोणाच्या नावावर आहे? या प्रश्नाचे उत्तर 'परवाना' नावाच्या एका कागदात असते. तो कागद शहरातल्या संगणकवाल्यांचा विषय आहे, असे समजून आपण तो वाचत नाही.

सोर्स कोड म्हणजे काय?

कोणतेही ॲप म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांची यादी. माणसाला वाचता येईल अशा रूपातील या यादीला सोर्स कोड म्हणतात. आपल्या फोनमध्ये येते ते त्याचे यंत्राला कळणारे रूप. तयार हळद पावडर पाहून त्यात काय काय मिसळले हे सांगणे जसे अवघड, तसेच फोनमधले ॲप पाहून आतला हिशेब सांगणे अवघड.

ई-पीक पाहणीचेच उदाहरण घ्या. २०२२ च्या खरिपात आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक गटाच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश बसवले गेले. फोटो काढणारा तिथून दूर असेल तर ॲप तसा संदेश देते. सोय चांगली आहे, कारण त्यामुळे घरी बसून खोटी नोंद करणे अवघड होते. पण मध्यबिंदू कोणत्या नकाशावरून घेतला? गट वेडावाकडा असेल, दोन भावांत वाटणी झालेली असेल, मधून कालवा गेला असेल, तर अंतर कसे मोजले जाते? नेटवर्क नसताना काढलेला फोटो नंतर कोणत्या वेळेचा धरला जातो? शेतकऱ्याला स्क्रीनवर फक्त निकाल दिसतो. निकाल कसा लागला ते कोडमध्ये लिहिलेले असते.

कायद्याच्या नजरेत सॉफ्टवेअर काय आहे?

भारताच्या कॉपीराइट कायद्यानुसार, म्हणजे १९५७ च्या कायद्यात १९८४ साली झालेल्या दुरुस्तीपासून, संगणक प्रोग्राम ही 'साहित्यकृती' आहे. कथा-कादंबरीला जे संरक्षण आहे तेच सॉफ्टवेअरला. कोड लिहिला त्या क्षणी हक्क तयार होतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. मालकाने परवानगी दिली नसेल तर तो कोड इतरांना वापरता, बदलता किंवा वाटता येत नाही.

हा कायदा कडक आहे. सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली, तर कलम ६३-ब नुसार किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय सवलत देऊ शकते. मल्टिसर्व्हिसेसच्या दुकानात किंवा डीटीपी सेंटरमध्ये 'क्रॅक' केलेले सॉफ्टवेअर टाकून काम चालवणाऱ्यांनी हे कलम एकदा तरी वाचावे.

त्याच कायद्याचे कलम ५२ मात्र वापरणाऱ्याची बाजूही घेते. कायदेशीरपणे मिळालेला प्रोग्राम कसा चालतो, त्यामागची कल्पना काय, हे समजून घेण्यासाठी त्याचे निरीक्षण, अभ्यास आणि चाचणी करणे हा हक्कभंग मानला जात नाही. म्हणजे 'आत काय आहे ते पाहूच नका' असे आपल्या कायद्याचे म्हणणे नाही.

मग ओपन सोर्स परवाना म्हणजे काय?

कॉपीराइटचा मालक स्वतःहून लिहून देतो की हा कोड कोणीही वाचावा, वापरावा, बदलावा, पुढे द्यावा, आणि त्याच्या अटी अशा. हे लेखी दान म्हणजे ओपन सोर्स परवाना. यात दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. ओपन सोर्स म्हणजे बेवारस नव्हे, मालकी कायम असते. आणि ओपन सोर्स म्हणजे फुकट असेही नाही, त्यासाठी पैसे घेता येतात. मोकळीक महत्त्वाची, किंमत नव्हे.

हे परवाने दोन प्रकारचे आहेत. शेतकऱ्याला ते बियाण्यावरून चटकन कळतील.

पहिला प्रकार : मी तुला बियाणे दिले. पेर, वाढव, त्यातून नवे वाण काढ आणि हवे तर ते कुलुपात ठेवून वीक. माझे नाव तेवढे लिही. एमआयटी आणि अपाचे हे परवाने साधारण असे आहेत.

दुसरा प्रकार : मी तुला बियाणे दिले. पेर, वाढव, वीकसुद्धा. पण यातून तयार झालेले वाण ज्याला देशील त्यालाही हाच हक्क द्यायचा. मला मिळाले तसे त्यालाही मिळाले पाहिजे. याला कॉपीलेफ्ट म्हणतात. जीपीएल हा त्यातला सर्वात प्रसिद्ध परवाना. अमेरिकेच्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ जाहीर केली आणि १९८९ मध्ये जीपीएलची पहिली आवृत्ती आली. लिनस टॉर्वल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेले लिनक्स पुढे याच परवान्याखाली आले. आज जगातले बहुतेक मोठे सर्व्हर आणि प्रत्येक अँड्रॉइड फोन लिनक्सच्या गाभ्यावर चालतो.

बियाण्याची ही तुलना निव्वळ बोलण्यापुरती नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने भारतीय शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचे बियाणे ब्रँड लावून विकता येत नाही, एवढीच मर्यादा. पैदासकाराचा हक्क आणि शेतकऱ्याची मोकळीक एकाच कायद्यात बसू शकते, हे आपल्या संसदेने दाखवून दिले आहे. सॉफ्टवेअरच्या बाबतीत हे काम परवाना करतो.

मराठी वाचकाने हे फळ चाखलेही आहे. एकेकाळी एका कंपनीच्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांचा चिवडा होत असे. युनिकोड आले, आणि पाठोपाठ मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेल्या 'मुक्त' सारखे देवनागरी फाँट मोकळ्या परवान्याखाली आले. ते कोणीही पुस्तकात, ॲपमध्ये, लग्नपत्रिकेत वापरू शकतो. बदल करून नवा फाँट केला तर तोही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो.

हे परवाने कोर्टात टिकतात का?

'फुकट दिलेल्या गोष्टीला कसली अट?' असा युक्तिवाद सुरुवातीला झाला. तो टिकला नाही. जर्मनीत म्युनिकच्या न्यायालयाने २००४ मध्ये जीपीएलची अट न पाळणाऱ्या राउटर कंपनीविरुद्ध मनाईहुकूम दिला. अमेरिकेत २००८ मध्ये खेळण्यातल्या रेल्वेगाड्या चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरून खटला झाला. पैसे न घेता दिलेल्या कोडच्या अटी मोडणे हासुद्धा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो, असे तिथल्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने सांगितले.

पुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. अट मोडली तर दाद कोण मागणार, फक्त कोड लिहिणारा की वस्तू विकत घेणारा ग्राहकही? २०२१ मध्ये सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्वन्सी या अमेरिकी संस्थेने व्हिझिओ या टीव्ही कंपनीविरुद्ध कॅलिफोर्नियात दावा लावला तो याच मुद्द्यावर. आम्ही टीव्ही विकत घेतला, त्यात जीपीएलचा कोड आहे, म्हणून ग्राहक या नात्याने तो कोड मागण्याचा हक्क आम्हाला आहे, असे तिचे म्हणणे.

याच संस्थेने मार्च २०२३ मध्ये जॉन डिअर या ट्रॅक्टर कंपनीवर जाहीर आरोप केला. कंपनीच्या यंत्रांत जीपीएलखालील सॉफ्टवेअर वापरले जाते, पण परवान्याप्रमाणे त्याचा कोड शेतकऱ्यांना दिला जात नाही, असा तो आरोप आहे. या कंपनीचा ट्रॅक्टर कारखाना पुण्याजवळ सणसवाडीला आहे. आपल्याकडचा साधा ट्रॅक्टर अजून गावातला मिस्त्री खोलतो आणि जोडतो. पण नव्या यंत्रांत सेन्सर आणि सॉफ्टवेअर वाढत चालले आहे. उद्या ऐन पेरणीत ट्रॅक्टर बंद पडला आणि कंपनीचा माणूस लॅपटॉप जोडेपर्यंत तो सुरूच झाला नाही, तर? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, तेव्हा चार क्षेत्रांत शेती अवजारांचे नाव होते. डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी पोर्टलही आले. सॉफ्टवेअरचा प्रश्न सोडून हा हक्क पुरा होणार नाही.

हातातला फोन तरी मोकळा आहे का?

ही बातमी आपण बहुधा अँड्रॉइड फोनवर वाचत आहात. अँड्रॉइडचा मूळ कोड ओपन सोर्स आहे, त्याचा मोठा भाग अपाचे परवान्याखाली आहे. कागदावर कोणीही त्यातून आपली नवी आवृत्ती काढू शकतो. पण फोन विकायचा तर त्यात प्ले स्टोअर लागते आणि प्ले स्टोअर ओपन सोर्स नाही. ते हवे असेल तर गूगलशी करार करावा लागे, आणि त्या करारात अँड्रॉइडच्या इतर फांद्यांवर फोन काढू नका, अशी अट असे. परवान्याने दिलेली मोकळीक कराराने परत घेतली.

भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला याच प्रकारच्या वर्तनाबद्दल १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, मात्र आयोगाचे काही आदेश रद्द केले. या प्रकरणाचा धडा साधा आहे. 'कोड मोकळा आहे' एवढे ऐकून समाधान मानायचे नसते, त्याच्याभोवतीचे करार पाहायचे असतात. सरकारी ॲपलाही हीच कसोटी लावायला हवी.

सरकारचे धोरण काय आहे?

कागदावर धोरण चांगले आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरण्याचे धोरण आणले. ई-प्रशासनाच्या निविदेत ओपन सोर्सचा विचार करण्याची अट घालावी आणि पुरवठादाराने तो पर्याय टाळला तर कारण द्यावे, असे त्यात आहे. त्याच वर्षी सरकारी ॲपचा कोड खुला करून इतर खात्यांना वापरू द्यायचे धोरणही आले. २०१७ मध्ये त्यासाठी ओपनफोर्ज हे संकेतस्थळ सुरू झाले.

चांगली उदाहरणेही आहेत. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा ॲप उघडते. ते ज्या 'सनबर्ड' नावाच्या पायावर उभे आहे, तो एमआयटी परवान्याखाली खुला आहे. ओळखपत्र देण्यासाठी बंगळूरुच्या ट्रिपल आयटीत तयार झालेले 'मोसिप' हेही खुले आहे. फिलिपिन्ससारख्या देशाने ते वापरले. आपण इतर देशांना खुला कोड देतो, ही अभिमानाची गोष्ट आहे. मग तोच नियम घरच्या शेतकऱ्याला का नको?

दुसरे उदाहरण आरोग्य सेतूचे. करोनाकाळात २ एप्रिल २०२० रोजी ते आले. सुरुवातीच्या अटींत ॲप उलगडून पाहण्यास मनाई होती. टीका झाल्यावर २६ मे रोजी अँड्रॉइड आवृत्तीचा कोड अपाचे परवान्याखाली खुला झाला. पण माहिती जिथे साठते त्या सर्व्हरचा कोड त्या दिवशी आला नाही. पुढे ऑक्टोबरमध्ये, हे ॲप कोणी बनवले याची नीट माहिती मिळत नाही म्हणून केंद्रीय माहिती आयोगाने राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राला नोटीस बजावली. कोट्यवधी फोनमध्ये असलेल्या ॲपच्या कर्त्याविषयीच असा प्रश्न निघावा, हे कोणत्याही पक्षाच्या सरकारला शोभणारे नव्हते.

अडचण इथे आहे. धोरण ही सूचना असते, कायदा नसतो. खात्याने पाळली तर पाळली. स्वित्झर्लंडने मात्र कायदाच केला. १ जानेवारी २०२४ पासून तिथल्या संघीय सरकारी यंत्रणांनी स्वतःसाठी बनवलेल्या सॉफ्टवेअरचा कोड खुला करायचा आहे. सुरक्षा किंवा तिसऱ्याचे हक्क आड येत असतील तरच सूट. युरोपात २०१७ पासून 'पैसा जनतेचा, तर कोडही जनतेचा' अशी मोहीम सुरू आहे. हे वाक्य कोणत्याही ग्रामसभेत सहज पटण्यासारखे आहे.

माहिती अधिकाराने कोड मागता येईल का?

इथे कराराचा कागद निर्णायक ठरतो. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ९ नुसार, राज्य सोडून इतर कोणाच्या कॉपीराइटचा भंग होत असेल तर माहिती नाकारता येते. 'राज्य सोडून इतर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. हक्क सरकारकडे असेल तर हे कलम आड येत नाही. कॉपीराइट कायद्याचे कलम १७ सांगते की सरकारी कामाचा पहिला मालक सरकार असते, वेगळा करार नसेल तर. म्हणजे सगळे त्या 'वेगळ्या करारा'वर आले. ॲप बनवून घेताना खात्याने कोडचे हक्क आपल्याकडे ठेवले असतील, तर जनतेचा दावा मजबूत. ते कंत्राटदाराकडे राहिले असतील, तर पैसा आपला आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर.

व्यापारी गुपित, राज्याची सुरक्षा ही कारणे कलम ८ खाली राहतातच. पण कलम ४ मध्ये आणखी एक तरतूद आहे, तिची आठवण कमी लोक करतात. प्रशासकीय निर्णयामुळे ज्याच्यावर परिणाम होतो त्याला त्या निर्णयाची कारणे कळवणे, हे कार्यालयाचे काम आहे. ॲपने नोंद घेतली नाही, त्यामुळे अनुदान हुकले, तर तो निर्णयच झाला. 'सिस्टीम घेत नाही' हे त्याचे कारण होऊ शकत नाही. कारण सांगायचे तर सिस्टीम कशी ठरवते ते सांगावे लागेल.

कोड उघडला तर हॅक होणार नाही का?

हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. मतदान यंत्रांच्या सोर्स कोडचे स्वतंत्र परीक्षण व्हावे अशी याचिका सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आली होती, ती न्यायालयाने फेटाळली. कोड उघड केल्यास गैरवापराची भीती आहे, अशी चिंता त्या वेळी व्यक्त झाली. मतदान यंत्रासारख्या मोजक्या ठिकाणी वेगळा विचार होऊ शकतो. पण पीक नोंदवणारे ॲप म्हणजे मतदान यंत्र नव्हे.

शिवाय लपवलेला कोड सुरक्षितच असतो, असे नाही. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' नावाच्या ओपन सोर्स साधनात कोणीतरी चोरदरवाजा बसवल्याचे उघड झाले. तो जगभरच्या सर्व्हरवर जाण्याच्या बेतात होता. एका अभियंत्याला लॉगइन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असे जाणवले, त्याने माग काढला आणि चोरी पकडली. या घटनेत दोन्ही बाजू आहेत. कोड खुला होता म्हणून चोर आत शिरू शकला, आणि कोड खुला होता म्हणूनच बाहेरच्या माणसाला तो पकडता आला. खुलेपणासोबत राखणदारही लागतात, त्यांना पगार द्यावा लागतो. सरकारने कोड नुसता टाकून देऊन हात झटकले तर उपयोग नाही.

आणखी एक घोटाळा दूर करू. कोड खुला करणे म्हणजे शेतकऱ्यांची माहिती खुली करणे नव्हे. नाव, आधार, खाते क्रमांक, शेताचे फोटो हे सगळे बंदच राहिले पाहिजे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा त्यासाठीच आहे. तिजोरी कशी बनवली हे सर्वांना कळावे, किल्ली मात्र मालकाकडेच राहावी.

याचे मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात उभे राहते आहे. औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या या जागतिक प्रयोगात विश्लेषणासाठी वापरली जाणारी मुख्य सॉफ्टवेअर जीपीएलखाली खुली आहेत, आणि ठरावीक काळानंतर निरीक्षणांचा डेटाही जगासाठी खुला होतो. विश्वातून येणाऱ्या लहरींचा हिशेब हिंगोलीतला एखादा विद्यार्थी घरबसल्या तपासू शकतो. त्याच विद्यार्थ्याच्या वडिलांच्या दोन एकर सोयाबीनचा हिशेब ॲपने कसा केला, हेही त्याला तपासता यायला हवे. ही मागणी अवास्तव नाही.

मग काय व्हायला हवे?

पहिले, राज्य सरकारने करार बदलावेत. जनतेच्या पैशातून बनणाऱ्या प्रत्येक ॲपच्या निविदेत कोडचा कॉपीराइट शासनाकडे राहील आणि तो खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध होईल, अशी अट असावी. एखादी संस्था मदत म्हणून ॲप बनवून देत असेल तरी ही अट लागू असावी. त्याचा व्यावहारिक फायदाही आहे. कंत्राटदार बदलला की सगळे पुन्हा पहिल्यापासून बांधायची वेळ येत नाही.

दुसरे, परवाना विचारपूर्वक निवडावा. माझ्या मते नागरिकांच्या हक्कांशी जोडलेल्या ॲपसाठी कॉपीलेफ्ट योग्य. एमआयटी किंवा अपाचेखाली दिलेला सरकारी कोड उद्या एखादी कंपनी घेईल, चार बदल करून कुलुपात ठेवील आणि दुसऱ्या खात्याला विकेल. परवान्याप्रमाणे त्यात गैर काही नसेल, पण लोकांच्या हाती काही उरणार नाही. मात्र साध्या जीपीएलची अट प्रोग्रामची प्रत दुसऱ्याला दिली तरच लागू होते. सरकारी ॲपचा खरा निर्णय बहुधा सर्व्हरवर होतो, आणि त्याची प्रत कोणाच्या हाती येत नाही. म्हणून सर्व्हरच्या कोडला एजीपीएल हा परवाना हवा. नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही कोड मिळालाच पाहिजे, अशी त्याची अट आहे.

कॉपीलेफ्टमुळे कंपन्या निविदा भरणार नाहीत, अशी भीती अधिकारी दाखवतात. तिच्यात थोडे तथ्य आहे. पण लिनक्सवर जगातल्या बड्या कंपन्या वर्षानुवर्षे धंदा करत आहेत. सेवा, देखभाल, प्रशिक्षण यांचे पैसे मिळतातच. कोंडून ठेवण्याचे पैसे तेवढे मिळत नाहीत.

तिसरे, बदलांचा इतिहास खुला हवा. ऐन हंगामात ॲपची नवी आवृत्ती येते. तिच्यात कोणता नियम बदलला, हे मराठीत लिहिलेले असावे. शासन निर्णय काढताना तारीख आणि क्रमांक टाकतात, मग नियम बदलणाऱ्या कोडला तो का नको?

चौथे, चूक कळवायची जागा हवी. नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या महाविद्यालयांत संगणक शिकणारी शेतकऱ्यांची शेकडो मुले-मुली आहेत. घरची शेती आणि संगणकाचा कोड ही दोन्ही माहीत असलेली ही पिढी आहे. प्रकल्प म्हणून त्यांनी सरकारी ॲपमधल्या चुका शोधल्या आणि दुरुस्त्या सुचवल्या, तर त्यात सरकारचे नुकसान काय?

आपण काय करू शकतो?

दहा रुपयांचा माहिती अर्ज कोणीही करू शकतो. त्यात थेट कोड न मागता तीन साधे प्रश्न विचारावेत. हे ॲप बनवण्याचा करार कोणाशी झाला, त्याची प्रत द्या. कोडचा कॉपीराइट कोणाकडे आहे? तो कोणत्या परवान्याखाली आहे? तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. उत्तर आले तर आपल्याला कळेल, आणि 'माहिती उपलब्ध नाही' असे आले तर तेही बरेच काही सांगून जाईल.

ग्रामसभेत ठरावही करता येतो. नोंद नाकारली गेल्यास लेखी कारण मिळावे आणि ॲप चालत नसेल त्या काळात कागदी नोंद ग्राह्य धरावी, या दोन मागण्यांना कोणताही पक्ष विरोध करणार नाही. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्यांना रस्ता, पाणी, वीज याबरोबर हा प्रश्नही विचारायला हरकत नाही. राज्याने शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्यासाठी महाॲग्री-एआय धोरण २०२५ मध्ये मंजूर केले आहे. म्हणजे यापुढे पिकाबद्दलचे आणखी निर्णय यंत्र घेणार. नियम आत्ताच ठरले तर बरे, यंत्रणा रुळल्यावर ते बदलायला दहा वर्षे लागतात.

सातबारा हा कागद गावात कोणालाही पाहता येतो, म्हणून त्यावरची खाडाखोड लपत नाही. चुकीचा फेरफार झाला तर हरकत घेता येते, तहसीलदाराकडे जाता येते. ही पद्धत काही कोणी दान दिलेली नाही, लोकांनी भांडून आणि वापरून ती टिकवली आहे. आता सातबाऱ्याची पिकांची बाजू मोबाइलच्या आत लिहिली जात आहे. तिथला नियम वाचण्याचा आणि त्यावर हरकत घेण्याचा हक्कही कागदासारखाच हवा. तो मिळायचा तर कोड कोणत्या परवान्याखाली आहे, इथूनच विचारायला सुरुवात करावी लागेल.